आबांच्या रेडिओचे कान

एकदा स्वयंपाकघरात जा आणि मांडणीवरच्या भांड्यांकडे जरा नीट बघा. कढईला दोन कान असतात. बादलीला कडी असते. जेवणाच्या डब्याला मूठ असते. तांब्याला यातलं काहीच नसतं, तरी तो हातातून निसटत नाही, कारण त्याची मानच अशी घडवलेली असते की बोटं आपोआप तिथे बसतात. आणि लोखंडी बादलीची बारीक कडी बोटांना कापते, म्हणून तिच्यावर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची नळी चढवलेली असते. वजन तेवढंच, पाणी तेवढंच, फक्त बोटाला जास्त जागा मिळाली की ओझं हलकं वाटतं. हे सगळं मी नववीच्या वार्षिक परीक्षेच्या आधी एका वहीत लिहून काढलं होतं. परीक्षेसाठी नाही हं! आबांच्या रेडिओसाठी.

आबा म्हणजे माझे आजोबा. ते हॅम आहेत. खायचा हॅम नव्हे, बरं का! हौसेनं बिनतारी संदेशयंत्र चालवणाऱ्यांना साऱ्या जगात हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग तुम्हाला तुमचं स्वतःचं संकेतनाम मिळतं. आपल्याकडच्या बहुतेक हॅमांचं संकेतनाम व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ अशा अक्षरांनी सुरू होतं. राजीव गांधीसुद्धा हॅम होते, त्यांचं संकेतनाम व्हीयू-२-आरजी. मीही परीक्षा दिली आहे आणि आता परवान्याची वाट बघते आहे. तोवर आबांच्या शेजारी बसून नुसतं ऐकायचं. परवाना नसताना माइकचं बटण दाबायचं नाही, हा सरकारचा नियम आहे आणि त्याहून कडक आबांचा.

तुम्ही म्हणाल, आता खिशात मोबाइल आहे, मग हे कशाला? हा प्रश्न मीही आबांना विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं नाही, किल्लारीची गोष्ट सांगितली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली जमीन हलली. दगडामातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. कुठल्या गावात काय हवं आहे, औषधं, तंबू की माणसं, हे दुसऱ्या गावाला कळवायचं कसं? त्या दिवसांत हॅम मंडळी आपापले सेट आणि मोटारीच्या बॅटऱ्या घेऊन तिकडे गेली. आबाही गेले. त्यांचा सेट लाकडी खोक्यात सुतळीनं बांधलेला होता. जीपच्या धक्क्यांनी तो आत घसरला, पुढची मोठी नॉब खोक्याच्या भिंतीवर आपटली आणि तिचा दांडा मुळाशी मोडला. बाकी सेट ठणठणीत! पण नॉबच नाही, तर स्टेशन लावणार कसं?

"मग?" मी विचारलं.

"मग काय, लेकरा, चिमट्यानं ते उरलेलं टोक धरून फिरवत होतो. दोन दिवस. एक केसभर जास्त फिरलं की समोरचा माणूस गायब."

डिसेंबर २००४ मध्येही असंच झालं होतं. भारती प्रसाद नावाच्या हॅम आपला चमू घेऊन अंदमानला गेल्या होत्या. तिथून जगभरच्या हॅमांशी बोलायचा त्यांचा कार्यक्रम होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, बेटांचा संपर्क तुटला आणि हौसेसाठी नेलेला तोच सेट पोर्ट ब्लेअरहून लोकांच्या खुशालीचे निरोप पाठवू लागला. तेव्हा सेट हा घरातल्या टेबलावर शोभेला ठेवायचा नसतो. तो उचलून न्यावा लागतो. आणि नेताना पुढच्या नॉबा सांभाळाव्या लागतात.

जुने लष्करी सेट पाहिले तर हे लगेच लक्षात येतं. त्यांच्या दर्शनी बाजूला दोन्हीकडे जाड धातूच्या मुठी असतात. ओढायला तर त्या लागतातच, पण त्या नॉबांच्या पुढे आलेल्या असतात. सेट तोंडावर पडला तरी मार मुठी खातात. घरगुती वापराच्या सेटला असं काही नसतं. तो देखणा असतो, एवढंच.

आता आमच्या घराबद्दल सांगते. आम्ही राहतो क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. गच्चीवरून शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसतो. नवा पुतळा फेब्रुवारी २०२२ मध्ये बसला. तो एकटा २१ फूट आणि खालच्या चौथऱ्यासकट ५२ फूट उंच आहे. इथेच काळा चबुतराही आहे. १८५७ साली इथल्या घोडदळाच्या छावणीतल्या ज्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, त्यांना या जागी मृत्युदंड दिला गेला. म्हणून हा क्रांती चौक. (आबा प्रत्येक पाहुण्याला हे सांगतात आणि पुढे जोडतात, "तेव्हा तारखातं इंग्रजांच्या हातात होतं. ज्याच्याकडे निरोप लवकर, त्याचं पारडं जड." आबांच्या गोष्टी फिरून फिरून निरोपांवरच येतात.)

जागा मोक्याची, पण रेडिओसाठी वाईट! जालना रोडवरची वाहनं, उड्डाणपूल, जाहिरातींचे दिवे, प्रत्येक घरातले चार्जर आणि इन्व्हर्टर. या सगळ्यांतून बारीक बारीक विद्युत गोंगाट निघत असतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, रेडिओला येतो. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आमच्या घरात नुसती घरघर ऐकू येते, जणू कुणी रात्रंदिवस मिक्सर चालवतंय. दूरचा बारीक आवाज ऐकायचा असेल तर सेट उचलायचा आणि शहराबाहेर, म्हैसमाळच्या डोंगरावर जायचं. आबा वर्षानुवर्षं तेच करत आले होते.

पण गेल्या दिवाळीत सेट आबांच्या हातातून सुटला. नशीब, खाली गादी होती. आबांच्या बोटांना संधिवात आहे. सांधे सुजलेले, सकाळी मूठच वळत नाही. सेट तसा काही फार जड नाही. एफटी-८५७डी नावाचं याएसू कंपनीचं मॉडेल, १५५ मिलिमीटर रुंद, ५२ उंच, २३३ खोल, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. म्हणजे दोन किलो साखर आणि वर मूठभर. पण गुळगुळीत चौकोनी डबा दोन किलोंचा असला तरी तो धरायला पंजा ताणावा लागतो, आणि पंजा ताणणं हेच आबांना जमेनासं झालं होतं. शिवाय हे मॉडेल आता बनत नाही. पुढची पाटी फुटली तर नवी कुठून आणायची?

आई म्हणाली, "आबा, रागावू नका, पण आता सेट घराबाहेर नको. तुमची बोटंही आणि तो सेटही."

आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेटवर आजीचं जुनं लुगडं पांघरलं. ते लुगडं बघून मला कसंतरीच झालं. आणि मी वही काढली.

पहिला प्रश्न: आबांना नक्की काय धरता येतं? मी घरभर फिरले आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात देऊ लागले. पेन? निसटतं. स्कूटरचं हँडल? चांगलं धरता येतं. छत्रीची मूठ? बरी. झाडूचा दांडा? दुखतो. लाटणं? "हे झकास," आबा म्हणाले. शाळेतल्या लॅबमधून आणलेल्या व्हर्नियर कॅलिपरनं मी लाटण्याची जाडी मोजली, ते धरायच्या जागी २८ मिलिमीटर भरलं. बाजारात तयार मिळणारी कपाटाची हँडलं त्याच्या निम्मीही जाड नसतात!

मग आईकडून कणकेचा एक गोळा मागितला, त्याची गुंडाळी केली आणि आबांना म्हटलं, दाबा. ठसा उमटला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका. करंगळीचा ठसाच नव्हता. आबांच्या करंगळीत जोर राहिला नव्हता आणि ते त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आईनं तो गोळा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. नंतर तिनं त्याच्या पोळ्या केल्या नाहीत, तसाच बाजूला ठेवला.

तेव्हा ठरलं: सेटच्या दोन्ही बाजूंना एकेक रेल, म्हणजे कठड्यासारखी पट्टी. ती समोर नॉबांच्याही पुढे यायची. आणि दोन्ही रेलना जोडणारी, सेटच्या वरून जाणारी एक जाड मूठ, तीन बोटांची. या सगळ्याला मी 'कान' म्हणू लागले, आणि तेच नाव पडलं.

हे बनवायचं कशानं? आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाची ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली, तुमच्याही शाळेत असेल कदाचित. त्या लॅबमध्ये थ्री-डी प्रिंटर असतो. कागदावर शाई छापायची तसा हा प्लॅस्टिक छापतो. मेंदीचा कोन पाहिलाय ना? तसंच! पावणेदोन मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची तार गरम नळीत वितळते आणि ०.४ मिलिमीटरच्या टोकातून बाहेर पडते. यंत्र ते टोक हलवत एक थर काढतं, मग वर दुसरा, मग तिसरा. एक थर ०.२ मिलिमीटरचा. एक सेंटीमीटर उंचीसाठी पन्नास थर. धीर लागतो बाबा!

या पद्धतीच्या पेटंटसाठी अमेरिकेतल्या स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये अर्ज केला होता. वीस वर्षांनी, २००९ मध्ये, पेटंटची मुदत संपली आणि स्वस्त प्रिंटर घरोघरी पोहोचू लागले. त्याआधीच, २००५ मध्ये, इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी स्वतःचेच भाग छापू शकेल असा प्रिंटर करायचं मनावर घेतलं होतं आणि त्याचे आराखडे सगळ्यांना फुकट वाटले होते. म्हणून तर आज नववीतली मुलगी आजोबांच्या रेडिओसाठी मूठ छापू शकते.

आता खरी गंमत. छापलेली वस्तू सगळ्या बाजूंनी सारखी मजबूत नसते. लाकूड कसं रेषांच्या दिशेनं चटकन फुटतं, तसे हे थर एकमेकांपासून सुटतात. हे आम्ही तोडूनच पाहायचं ठरवलं. अगदी एकसारख्या दोन पट्ट्या छापल्या, प्रत्येकी एक सेंटीमीटर रुंद आणि अर्धा सेंटीमीटर जाड. एक आडवी झोपवून छापली, दुसरी उभी. दोन खुर्च्यांच्या मध्ये पट्टी ठेवायची, तिला बादली टांगायची आणि लिटरच्या मापानं पाणी ओतायचं. उभी छापलेली पट्टी पाचवं माप ओततानाच टक्कन तुटली. तुकडा पाहिला तर काप अगदी सरळ, दोन थरांच्या मधोमध. आडवी छापलेली दहा मापांपर्यंत वाकत वाकत टिकली आणि अकराव्याला गेली. सगळं पाणी हॉलमध्ये! आबा सोफ्यावर पाय वर घेऊन टाळ्या वाजवत होते.

प्लॅस्टिक एकच, माप एकच, फक्त छापताना कुठल्या कुशीवर झोपवलं त्यावर ताकद दुप्पट! तेव्हापासून प्रत्येक भागाला मी आधी विचारते, तुझ्यावर ओढ कुठून येणार? आणि मगच त्याला यंत्रात झोपवते.

दुसरी परीक्षा उन्हाची. शाळेत जे प्लॅस्टिक वापरतात त्याला पीएलए म्हणतात. ते मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतं. छापायला सोपं, पण साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. आपल्याकडचा एप्रिल माहीत आहे ना! बाहेर चाळीस असलं तर काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. आबांनी गाडीच्या पुढच्या काचेखाली दोन वाट्या मांडल्या, त्यांवर पीएलएची एक आणि पीईटीजी नावाच्या प्लॅस्टिकची एक अशा पट्ट्या ठेवल्या आणि प्रत्येकीवर आजीच्या तराजूतलं शंभर ग्रॅमचं पितळी वजन. संध्याकाळी पाहिलं, तर पीएलएची पट्टी झोळीसारखी लोंबत होती. पीईटीजीची सरळ. पीईटीजी हे पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकचं भावंडं, ते ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं. ठरलं, पीईटीजी!

तिसरी गोष्ट कोपऱ्यांची. मी काढलेल्या पहिल्या चित्रात रेल वळते तिथे काटकोन होता, दिसायला छान. लॅबच्या सरांनी मला कॉमेटची गोष्ट सांगितली. कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. जानेवारी १९५४ मध्ये इटलीजवळ एक कॉमेट हवेतच फुटलं. समुद्रातून अवशेष काढून ते जोडून पाहिल्यावर कळलं, की चीर सुरू झाली होती छतावरच्या एका चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यापाशी. आणि ती खिडकी होती कशासाठी? दिशा दाखवणाऱ्या रेडिओच्या अँटेनासाठी! कोपरा जितका टोकदार, तितका ताण तिथे गोळा होतो. म्हणून आज विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात. आमच्या रेलचेही गोल झाले, आठ मिलिमीटर त्रिज्येचे. कढईचे कान आठवा, त्यांना कुठे टोक असतं का?

मग आलं पायथागोरसचं प्रकरण. रेल पुढून-मागून वाढवून २९० मिलिमीटर लांब हवी होती आणि शाळेच्या प्रिंटरचा पाट २२० मिलिमीटरचा चौकोन. तिरपी ठेवली तर? कर्ण निघतो ३११. अरे वा, बसली! पण पुठ्ठ्याची रेल कापून पाटावर ठेवली तर कोपरे बाहेर. कर्ण हा नुसत्या रेघेसाठी असतो, रेलला रुंदीही असते ना. तेव्हा रेल दोन तुकड्यांत केली. तुकडे जोडायचे कसे हे आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी एका मिनिटात दाखवलं. दोन्ही टोकं अर्ध्या जाडीची कापायची, एकावर एक बसवायची आणि दोन बोल्ट मारायचे. खाटेच्या चौकटीत त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं.

छापलेली भोकं नेहमी मापापेक्षा जराशी लहान निघतात, म्हणून चित्रात ती पाव मिलिमीटर मोठी धरायची. सेटच्या बाजूला, मोटारीत ब्रॅकेट बसवण्यासाठी, कंपनीनंच भोकं ठेवलेली असतात. आम्ही सेटला नवं भोक पाडलं नाही, त्याच भोकांचा उपयोग केला. पण स्क्रू तेच चालत नाहीत. रेल पाच मिलिमीटर जाड, म्हणजे स्क्रूही जुन्यापेक्षा बरोबर पाचच मिलिमीटर जास्त लांब हवा. कमी पडला तर पकड नाही. जास्त लांब झाला तर आत जाऊन सर्किटला भिडेल आणि मग कानाऐवजी सेटचा जीवच जायचा. आबा जुना स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून मोंढ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं चार डबे उपसले. आबांनी प्रत्येक स्क्रू पुडीतल्या स्क्रूशेजारी उभा करून पाहिला आणि आठ आणले, चार लावायला आणि चार हरवायला.

हवेच्या वाटा मोकळ्या ठेवणं हाही मोठा मुद्दा. हा सेट पूर्ण जोरानं बोलतो तेव्हा १३.८ व्होल्टवर २२ अँपिअरपर्यंत वीज खातो. गुणाकार करा. सुमारे तीनशे वॅट आत गेले. अँटेनाकडे जातात शंभर. उरलेले बहुतेक सगळे उष्णता होऊन डब्यात फिरतात. म्हणून रेल सलग पाटीसारखी न करता तिला लांबट झरोके ठेवले. प्लॅस्टिकही वाचलं.

आणि मूठ? ती लांबीच्या दिशेनं दोन फाकांत छापली, भुईमुगाच्या शेंगेसारखी. दोन्ही फाकांची सपाट बाजू पाटावर टेकवलेली, म्हणजे थर मुठीच्या लांबीत धावतात. दोन फाकांच्या मधून सहा मिलिमीटरचा आट्यांचा लोखंडी गज, दोन्ही टोकांना रेलच्या बाहेरून नट. समजा उद्या प्लॅस्टिकला चीर गेली, तरी सेट गजाला लटकून राहील, खाली पडणार नाही. हे आबांचं डोकं. खात्यात तारांचे खांब चढून गेलेला माणूस एकाच दोरीवर विश्वास ठेवत नाही.

रंगावरून मात्र भांडण झालं. आबांना करडा हवा होता, "सेटला शोभेल असा". मला केशरी, म्हणजे गवतात पडला तरी दिसेल. लॅबमध्ये करड्या रंगाचं रीळ संपत आलं होतं. शेवटी रेल करड्या आणि मूठ केशरी झाली. चारही रेलतुकड्यांना मिळून चार दुपारी लागल्या, मुठीला एक. कडा कानशीनं आणि पॉलिश पेपरनं आबांनी स्वतः घासल्या. बोटं दुखत होती, पण ते काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

सगळं जोडून झाल्यावर सेटच्या जागी आधी दोन किलोचा साखरेचा डबा त्याच रेलमध्ये बांधला आणि तो हॉलमधून गादीवर मुद्दाम तोंडावर पाडला. मग सतरंजीवर. मग उघड्या फरशीवर. फरशीवर एका रेलच्या टोकाचा कपचा उडाला, पण डब्यासमोर नॉब म्हणून चिकटवलेलं बाटलीचं झाकण शाबूत! रेल सर्वांत पुढच्या नॉबच्याही आठ मिलिमीटर पुढे ठेवली होती, ते आठ मिलिमीटर कामी आले. तो तुकडा नवा छापला आणि मग खरा सेट आत बसवला.

आई हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "रविवारी मीपण येते."

रविवारी पहाटे आम्ही निघालो. चौकात महाराजांच्या चौथऱ्याभोवती झाडणारे लोक सोडले तर कुणी नव्हतं. म्हैसमाळला पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. गाडी लावली तिथपासून आमच्या नेहमीच्या झाडापर्यंत दोनेकशे पावलं, जरा चढाची. बाबांनी सेट उचलायला हात पुढे केला आणि आईनं त्यांना नुसतं डोळ्यांनी थांबवलं.

आबांनी डिकीतून सेट उचलला. केशरी मुठीवर तीन बोटं आणि अंगठा. करंगळी बाहेर. ते चालू लागले. वाटेत दोनदा त्यांनी हात बदलला, एकदा सेट खाली ठेवला. खाली म्हणजे खडकावर, नॉबांकडची बाजू खाली करून! माझ्या पोटात गोळाच आला. पण तो आपल्या रेलवर उभा राहिला, नॉबा दगडाला न टेकता. आबांनी धोतराला हात पुसले, पुन्हा उचलला आणि झाडापर्यंत नेला. बॅटरी आईनं आणली होती. ती सेटपेक्षा जड होती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

अँटेना म्हणजे नुसती तांब्याची तार. लांबीचं सूत्र सोपं आहे: १४३ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, उत्तर मीटरमध्ये. ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे वीस मीटर. तिचे दोन सारखे भाग करायचे, मधून केबल खाली आणायची. दोरीला दगड बांधून मी फांदीवर फेकला, तिसऱ्या फेकीत अडकला. सेट सुरू केला आणि काय सांगू! घरची ती घरघर नव्हतीच. शांतता. त्या शांततेत लांबून कुणीतरी बोलत होतं. गोव्यातले एक गृहस्थ, मग नागपूरचे एक. आबा मोठी नॉब फिरवत होते, एका बोटानं, अगदी हलकेच. चिमटा लागला नाही.

मग जालन्याच्या एक काकू आल्या. हॅम लोक एकमेकांना सेट कुठला, अँटेना कुठली हे विचारतातच. आबांनी नेहमीचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आणि आज सेटला नातीनं केलेले कान आहेत."

"काय आहेत? पुन्हा सांगा."

"कान! कान!"

पलीकडे बराच वेळ हसू. मग काकूंनी सगळं नीट विचारून घेतलं. प्लॅस्टिक कुठलं, स्क्रू किती लांब, मूठ किती जाड. त्यांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, त्या आता सगळं डाव्या हातानं करतात. त्यांचा सेट वेगळा, खांद्याच्या पिशवीत मावणारा, वजन एक किलोच्या थोडं वर. आबांनी मला खुणावलं. मी वही उघडली. काकू एकेक आकडा दोनदा म्हणत होत्या, हवेतून चुकू नये म्हणून. रुंदी दोनशे मिलिमीटर. उंची साडेत्र्याऐंशी. खोली ब्याऐंशी.

म्हणजे आमच्या सेटपेक्षा रुंद, उंच, पण खोलीला निम्म्याहून कमी. रेल या वेळी एका तुकड्यात पाटावर बसेल, पण मूठ लांब होईल आणि मध्ये वाकेल. गज सहाचा पुरेल की आठचा घ्यावा, हे अजून ठरलेलं नाही. काकूंना मी डाव्या हातात कणकेचा गोळा दाबून त्याचा फोटो पाठवायला सांगितलाय.